कारखान्यातलं प्रथमोपचार प्रशिक्षण: २४ माणसं, एक डमी, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉप आहे, म्हणजे यंत्राखाली पत्रा दाबून सुटे भाग बनवायचा कारखाना. दोन शेड, दोन शिफ्ट, ६४ माणसं. गेल्या जुलैत एका खासगी संस्थेकडून एक दिवसाचा प्रथमोपचार कोर्स करून घेतला. माणशी ९५० रुपये, माणसं २४, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,९०४ रुपये. शेठकडे प्रस्ताव घेऊन मीच गेलो होतो, त्यामुळे त्यातला एक-एक रुपया मला लागतो. ऑक्टोबरात लिहायला बसलो असतो तर फक्त शिव्या घातल्या असत्या. फेब्रुवारीतल्या एका रात्रीने निम्मं मत बदललं. उरलेलं निम्मं अजून तसंच आहे.

आधी ते न बदललेलं सांगतो. सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देणं. त्याच्या सरावाला डमी, म्हणजे माणसाचा पुतळा, एकच आणली होती. छाती ५ सेंमी दाबली गेली की डमीच्या आत ‘टक्’ वाजतं आणि त्या आवाजावरच हाताला अंदाज येतो. आमच्या डमीचा आवाज बंद होता. ट्रेनर म्हणाले, “स्प्रिंग गेलीय, अंदाजाने दाबा.” अहो, तो अंदाज यावा म्हणूनच तर पैसे भरले होते! मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंमी दाबायला बऱ्यापैकी जोर लागतो. पहिल्यांदा दाबणारा बरगडी मोडेल या भीतीने हात आखडता घेतो. प्रत्येकाच्या वाट्याला एकदाच ३० दाब आले. मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ते जेमतेम १५ ते १८ सेकंदांत संपतात. बाकीचा वेळ रांगेत उभं राहून दुसऱ्याची पाठ बघायची.

दिवाळीच्या आधी मी पॅकिंगच्या फोमची जाड गादी शेडमध्ये टाकली आणि दहा जणांना दाबायला लावलं. “३० दाब, २ श्वास” बहुतेकांनी धडाधड म्हणून दाखवलं. पण कोपरं वाकलेली, हात छातीच्या मध्यावर न ठेवता पोटाकडे सरकलेले. पाठ सगळं होतं, हातात काही बसलं नव्हतं. त्याच दिवशी संस्थेला पहिला फोन केला. “बघतो साहेब,” एवढंच उत्तर मिळालं.

आता गाजरांचं सांगतो. ट्रेनरनी सकाळी पिशवीभर गाजरं आणली होती. तुटलेलं बोट कसं न्यायचं हे शिकवायला प्रत्येकाच्या हातात गाजराचा एक तुकडा दिला. सलाइनने हलकेच धुवायचा, घासायचा नाही. सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारायची आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, नाहीतर गोठून पेशी मरतात. पिशवीवर वेळ लिहायची. हे प्रत्येकाकडून दोन-दोनदा करून घेतलं आणि त्यात पाऊण तास गेला. मी मनात चरफडत होतो. फीडबॅकच्या कागदावर मी लिहिलं होतं, “गाजराचा वेळ सीपीआरला द्यावा.”

फेब्रुवारीत दुसऱ्या शिफ्टला, रात्री ८:४० च्या सुमाराला पॉवर प्रेसवर एका हेल्पर पोराचं तर्जनीचं पेर तुटलं. प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं झाकण, का उघडा होता त्याची चौकशी वेगळी झाली, तो विषय इथे नको. शेजारच्या प्रेसवरचा ऑपरेटर कोर्स केलेल्यांपैकी होता. त्याने आधी प्रेस बंद केला, मग पोराला खाली बसवलं, जखमेवर गॉजची घडी दाबून धरली आणि हात वर उचलून ठेवला. कँटीनमधून कुणीतरी हळदीचा डबा घेऊन धावत आला, त्याला त्याने तिथूनच परत पाठवला. कोर्स केलेल्या दुसऱ्याने स्क्रॅपच्या ट्रेमधून तेलाने माखलेला तुकडा शोधला. बर्फ गेटबाहेरच्या रसाच्या गाड्यावरून आला. १०८ ला फोन लावलाच होता, पण पिकअप दारात उभी होती, म्हणून त्यातूनच निघाले.

मी घरून थेट हॉस्पिटलला पोचलो. नर्सच्या हातात ती पिशवी पाहिली. आतल्या पिशवीला पीळ देऊन दुहेरी गाठ मारलेली होती आणि वर मार्करने ‘८:४४’ लिहिलं होतं. जुलैत टेबलावर गाजरांच्या चोवीस पिशव्या पडल्या होत्या, त्यांना अशीच गाठ होती. बोट जोडता आलं. गार ठेवलेला तुकडा उघड्यावर ठेवलेल्यापेक्षा बरेच जास्त तास टिकतो, हे त्या रात्री डॉक्टरांकडूनही ऐकलं. टोकाला अजून पुरतं कळत नाही, नखही वाकडं वाढतंय, पण पोरगा इन्स्पेक्शनच्या टेबलावर कामाला लागलाय. त्यामुळे फीडबॅकच्या कागदावरचं ते वाक्य मी मागे घेतो. दोन-दोनदा हाताने केलेलं सात महिन्यांनीही हातात होतं.

याच कारणाने डमीवरचा राग मात्र दुप्पट झाला. त्या रात्री बोटाच्या जागी कुणाचं हृदय थांबलं असतं तर? मार्चमध्ये बिलाची प्रत जोडून संस्थेला लेखी पत्र पाठवलं. त्याआधी चार फोन झाले होते. दर वेळी ट्रेनर बाहेरगावी. पत्रानंतर दोन तासांचं फुकट सत्र मिळालं, डमी दोन आल्या आणि दोन्ही वाजत होत्या. २४ पैकी ७ जण तोवर नोकरी सोडून गेले होते, म्हणजे त्यांच्या कोर्सचे, जीएसटी न धरता, ६,६५० रुपये वाया गेले. उरलेल्या १७ जणांत पहिल्या फेरीत टक् आवाज फक्त ६ जणांना काढता आला. कोपरं सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर, हे एकेकाला धरून दाखवल्यावर तासाभरात दोघे सोडून सगळ्यांना जमलं. जुलैतच हे झालं असतं.

कोर्ससोबतचं इंग्रजी पुस्तक चकचकीत आहे. शेडमध्ये ते कुणी उघडलेलं मी पाहिलं नाही.

घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४५ मध्ये १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सांगितली होती. त्या हिशोबाने आम्हाला एक पेटी पुरत होती. पण त्याच कलमात असंही होतं की पेटी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं आणि कामाच्या वेळेत तो कायम हाताशी हवा. दुसरी शिफ्टही कामाचीच वेळ आहे. २४ जणांची यादी मी केली होती आणि त्यातले १९ पहिल्या शिफ्टचे निवडले, कारण त्यांना दिवसा बसवणं सोपं होतं. तो ऑपरेटर त्या रात्री शेजारच्या प्रेसवर होता हे नशीब. यादी करताना मी चुकलो. प्रमाणपत्र सरकारमान्य आहे का, हे संस्थेला तीनदा विचारलं, सरळ उत्तर एकदाही आलं नाही. शेवटी दोन्ही शिफ्टच्या एकेका माणसाला सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या प्रथमोपचार शिकवणाऱ्या संस्थेचा कोर्स वेगळा करायला लावला. ते प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

सोडून गेलेल्या सातांच्या जागी आलेल्यांसाठी जूनमध्ये पुन्हा कोर्स घ्यायचाय. दर घासून घेणारच आहे. त्याच संस्थेशी बोलणं चालू आहे, कारण तो गाजरवाला ट्रेनर मला हवाच आहे. या वेळी पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून टाकलंय: सहा माणसांमागे एक डमी, प्रत्येक डमीचा आवाज आमच्यासमोर तपासूनच सुरुवात, प्रत्येकाला किमान पाच फेऱ्या, आणि निम्मी माणसं दुसऱ्या शिफ्टची. गाजरं आम्ही आणू.