निळ्या डोळ्यांचं 'अडीच महिन्यांचं' पिल्लू, आणि आमची झालेली फसवणूक

मांजराचं पिल्लू विकत घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. आम्हाला पिल्लाच्या वयात फसवलं आणि त्यात त्या बिचाऱ्याचा जीव गेला.

विकणारा फोनवर म्हणाला, पर्शियन आहे, अडीच महिन्यांचं, पहिली लस झालीय, लिटर ट्रेन्ड आहे (म्हणजे शी-शू ठरलेल्या ट्रेमध्येच करतं), आणि वर निळे डोळे आहेत, असं सहसा मिळत नाही म्हणून पैसे पण जास्त लावले. आई बघायचीय म्हटलं तर म्हणे ती दुसऱ्याकडे दिली, घरी येतो म्हटलं तर घरात आजारी माणूस आहे, मीच आणून देतो. रस्त्यातच गाडी चालू ठेवून खोक्यातून पिल्लू काढून हातात दिलं, पैसे घेतले आणि गेला.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाल्या, हे फार तर पाच आठवड्यांचं आहे. पुढचे बारीक दात आणि सुळे होते, पण दाढा आत्ता कुठे हिरडीतून वर येत होत्या. अडीच महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे 26 दात असतात आणि वजन साधारण किलोच्या आसपास, आमचं अर्धा किलोपण भरलं नाही. आणि डोळे! सगळ्याच पिल्लांचे आधी निळे असतात, खरा रंग सहा-सात आठवड्यांनंतर दिसायला लागतो (सयामीसारख्या काही जातींचे निळेच राहतात, ते वेगळं). म्हणजे ज्याचे जादा पैसे घेतले तीच कमी वयाची खूण होती, याचा मला अजून संताप येतो.

लसीच्या कार्डावर नुसती पेनाने तारीख, ना लसीच्या बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर, ना डॉक्टरांचा शिक्का-सही. त्या तारखेला ते जेमतेम तीन आठवड्यांचं असणार, आणि पहिली लस सहा-आठ आठवड्यांच्या आधी देत नाहीत.

मग उलट्या, जुलाब सुरू झाले. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसून राहायचं, प्यावंसं वाटायचं पण पिता यायचं नाही. टेस्टमध्ये पॅनल्युकोपेनिया (मांजरांना होणारा जीवघेणा व्हायरसचा आजार) निघाला, सलाइन लावलं तरी वाचलं नाही. लागण झाल्यावर साधारण आठवड्याभरात लक्षणं दिसतात, त्यामुळे बहुतेक तिथूनच घेऊन आलं होतं असं डॉक्टर म्हणाल्या. विकणारा म्हणाला तुम्हीच काहीतरी चुकीचं खायला घातलं, आणि नंबर ब्लॉक.

तर आई आणि भावंडांसोबत पिल्लू बघायला मिळत नसेल तर घेऊच नका, आठ आठवड्यांच्या आत तर नाहीच, बारा झाले तर उत्तम. हातात घेऊन नीट बघा, नाक-डोळे वाहतायत का, कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण म्हणजे माइट्स (कानातले बारीक किडे), पोट फुगलेलं पण पाठीची हाडं लागतायत तर जंत असू शकतात, केस गेलेले गोल चट्टे म्हणजे बहुतेक बुरशी आणि ती माणसांनाही होते. शेपटीखाली घाण लागलेली असेल तर तिथूनच परत फिरा. आणि पूर्ण पैसे देण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडे दाखवू द्यायला विकणारा तयार आहे का ते विचाराच, आमचा "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणून चिडला होता.

ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी लगेच दुसरं पिल्लू आणू नका. हा व्हायरस घरात वर्षभरही टिकू शकतो, साध्या साबणाने जात नाही, आणि फिनाईल तर मांजरांना विषारीच. पातळ केलेल्या ब्लीचने फरशी पुसा, वाट्या, लिटर ट्रे, अंथरूण टाकून द्या, आणि आणायचंच असेल तर लसीचे सगळे डोस झालेलं मोठं मांजर आणा.