हकलबेरी फिन: ३१ प्रकरणं सोनं, पुढची १२ नुसता पोरखेळ

शाळेत असताना हिची ती पातळ, चित्रंवाली आवृत्ती वाचलेली, त्यामुळे इतकी वर्षं डोक्यात हेच की तराफ्यावरून नदीत भटकणाऱ्या पोराची मजेशीर गोष्ट. यंदा मूळ इंग्रजी कादंबरी घेतली (मार्क ट्वेन, इंग्लंडात १८८४, अमेरिकेत १८८५) आणि असा अडकलो की रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही. जिमची बोली आधी जड जाते, मोठ्यानं वाचा, लगेच कळते. आणि मग शेवट आला. तो सांगणार आहे बरं का, १४० वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर.

हक बेवड्या बापाच्या तावडीतून पळालेला, जिम हा मालकीण आपल्याला न्यू ऑर्लिन्सला विकणार हे कानावर आलं म्हणून पळालेला गुलाम. धुक्यात दोघांची ताटातूट होते, परत भेटल्यावर हक थाप मारतो की धुकं वगैरे काही नव्हतंच, तुला स्वप्न पडलं. जिमला ते कळतं तेव्हा तो आरडाओरडा करत नाही, फक्त सुनावतो, की तू गेलास म्हणून मी खचलो होतो आणि तुला माझी टर उडवायची सुचली. गुलामापुढं मान खाली घालायला या गोऱ्या पोराला पंधरा मिनिटं लागतात, पण माफी मागतो. ते पान मी तीनदा वाचलं. आणि ३१व्या प्रकरणात तर कळसच. तराफ्यावर आलेला, स्वतःला राजा म्हणवणारा एक भामटा जिमला परस्पर विकतो. हकचं जिमचा पत्ता कळवणारं मालकिणीच्या नावचं पत्र लिहून झालंय, हातात धरलंय, लहानपणापासून ऐकलंय की पळालेल्या गुलामाला साथ देणारा नरकात जातो, आणि हा ठरवतो की ठीक आहे, जाईन नरकात, आणि फाडून टाकतो.

एवढं झाल्यावर काहीही चाललं असतं हो, हकचा जुना दोस्त, ट्वेनच्या आधीच्या पुस्तकाचा हिरो टॉम सॉयर यायला नको होता.

जिमला डांबलंय ते शेत निघतं नेमकं टॉमच्या मावशीचं, ती हकलाच टॉम समजते, मग खरा टॉम टपकतो आणि सूत्रं हातात घेतो. जिमची साखळी पलंगाच्या पायाला अडकवलेली, पलंग उचलला की मोकळी. पण टॉमनं कैदी पळाल्याच्या गोष्टी वाचल्यात ना! मग बोगदा सुऱ्यांनी खणायचा, दोराची शिडी केकसारख्या पदार्थात (pie) भाजून पाठवायची, खोपटात उंदीर, कोळी, साप सोडायचे. हाईट म्हणजे कैद्यानं कोरीवकाम करायला पाहिजे म्हणून आणलेला धार लावायचा दगड या दोघांना हलत नाही, तेव्हा जिमलाच बाहेर काढतात, तो साखळी गळ्यात गुंडाळून येतो, दगड ढकलून देतो आणि परत कैदेत जाऊन बसतो. अरे पळ ना बाबा!

बरं, एवढा तमाशा झाल्यावर कळतं काय, तर मालकीण दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात जिमला मोकळं करून गेली. टॉमला हे पहिल्या दिवसापासून माहीत.

मला टॉमचा राग नाही, तो पहिल्यापासून तसलाच आहे. राग येतो हकचा. एका थापेबद्दल माफी मागणारा हा पोरगा इथं जरा कुरकुरतो आणि टॉमला जास्त कळतं म्हणून मान डोलावतो. आणि बहिऱ्या मुलीला नकळत मारल्याच्या आठवणीनं रडणारा जिम, त्याला सापांचा सांभाळ करायला लावलाय.

ट्वेननं ही १८७६ ला सुरू करून मध्येच बाजूला ठेवली होती, पूर्ण केली १८८३ ला. माझा आपला अंदाज, हकला नरकाच्या दारात उभं केल्यावर पुढं काय हे त्याला सुचेना, मग हुकमी हिरोला बोलावून पाट्या टाकल्या. कादंबरीकार हेमिंग्वेनं १९३५ मध्ये लिहून ठेवलंय की जिम चोरीला जातो तिथंच थांबा, पुढं फसवणूक आहे. कवी टी. एस. एलियटनं उलट बाजू घेतली, शेवटानं सुरुवातीच्या सुरावर परत यावं ते बरोबरच. पटलं नाही. आपण घरी परत आलो ते ठीक, पण मधला प्रवास झालाच नाही असं का वागायचं?

पण हेमिंग्वेचंही पूर्ण ऐकू नका. पुस्तकात चाळीस डॉलर सारखे येतात. गुलाम शोधणारे दोघं देवीच्या रोगाच्या भीतीनं लांबूनच वीस-वीस हकला देतात, तो भामटा राजा जिमला विकतो तेही चाळीसला, आणि चांगला कैदी झाल्याबद्दल टॉम जिमला बक्षीस देतो, तेही चाळीसच. पण टॉमच्या पोटरीत गोळी घुसते तेव्हा मोकळा व्हायला निघालेला जिम म्हणतो, चाळीस वर्षं लागली तरी डॉक्टर आल्याशिवाय हलणार नाही. आणि त्यापायी पकडला जातो.

पाचपैकी साडेतीन. ३१वं झालं की सरळ ४०व्यावर या, साप-उंदीर सगळे मध्ये सुटतील.