लॉजिटेक सी२७०: कॅमेरा साधा, पण ड्रायव्हरची कटकट नाही

लॉजिटेकचा सी२७० बाजारात येऊन दशक उलटलं, तरी मीटिंगपुरता वेबकॅम हवा असेल तर अजूनही घ्यावा असा आहे. ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम, आत माइक, दीड मीटरची वायर. उजेड समोरून असेल तर चेहरा स्वच्छ दिसतो, रात्री चित्रावर दाणे येतात. फोकस फिक्स्ड आहे, त्यामुळे वहीचं पान लेन्सजवळ धरलं की अक्षर पुसट. शिकवणी घेणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे घालून ऑटोफोकसचा सी९२० घेतलेला बरा.

याची खरी जमेची बाजू म्हणजे विंडोज १० आणि ११ मधल्या 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' या आयत्या ड्रायव्हरवर (म्हणजे विंडोजला कॅमेरा ओळखायला आणि चालवायला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) तो चालतो. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. म्हणूनच चित्र काळं दिसलं की लगेच 'फ्री ड्रायव्हर अपडेटर' छापाचं काहीतरी टाकणं म्हणजे विकतचं दुखणं.

आधी माइक चालतो का ते बघा. वायर एकच असली तरी विंडोजला कॅमेरा आणि माइक ही दोन वेगळी उपकरणं दिसतात. आवाज येतोय आणि चित्र नाही, तर वायर-पोर्ट बहुधा ठीक. घोळ परवानगीत किंवा ड्रायव्हरमध्ये. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > कॅमेरा इथे जा. वरची बटणं चालू असतात, पण खाली 'लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युअर कॅमेरा' हे वेगळं बटण आहे आणि क्रोमसारखे प्रोग्राम त्याच्यावर अवलंबून. लोक तिथवर स्क्रोलच करत नाहीत! अँटीव्हायरसमध्ये वेबकॅम प्रोटेक्शन असेल तर तेही तपासा. कॅमेरा ॲपमधला एरर ४२४३ ने संपत असेल, तर कॅमेरा दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलाय. ४२४४ म्हणजे विंडोजला कॅमेराच सापडत नाही.

आवाजही नाही, चित्रही नाही? मग मध्ये यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) असेल तर तो काढा आणि वायर थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा. मध्येच बंद पडत असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढा.

एवढं करूनही चित्र नसेल तरच ड्रायव्हरला हात लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हायसेस' उघडा, वेबकॅमवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर. 'सर्च ऑटोमॅटिकली' बहुतेक वेळा 'सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच आहे' एवढंच सांगतं. त्याऐवजी 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक' आणि यादीतून 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' निवडा. तरीही अडलं तर अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर काढण्याची टिक विचारली तर ती लावा, वायर काढून मशीन रीस्टार्ट करा आणि मग पुन्हा जोडा. विंडोज अपडेटनंतर बिघडलं असेल तर आधी 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून बघा. बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकत असतील तर ते बिघाडाचं लक्षण नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेऱ्याचं सेटिंग ६० वर असतं. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या मोफत प्रोग्राममध्ये कॅमेरा जोडून 'कॉन्फिगर व्हिडिओ' उघडा आणि 'पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी' ५० करा.

माइकवर मात्र विसंबू नका. पंखा चालू असेल तर इअरफोनचाच माइक वापरा.