पागाच्या (फेकून मासे धरायच्या जाळ्याच्या) शिशासाठी: मऊ शिसं की कडक?

मऊ, शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं, नखानेही ओरखडतं. दोरीवर पक्कडीने दाबलं की न तडकता घट्ट बसतं, म्हणून पागाला हेच घ्यावं. साचा थंड असेल तर मात्र ओतलेल्या शिशाच्या मण्यावर सुरकुत्या पडतात. पहिले चार-पाच मणी परत भांड्यात टाका.

गाडीच्या चाकाचा तोल साधणाऱ्या जुन्या वजनांतलं शिसं त्यात मिसळलेल्या अँटिमनीमुळे कडक. साचा कोपऱ्यापर्यंत भरतो, गळाच्या वजनांना उत्तम, पण दुमडताना चिरतं. त्यात जस्ताची वजनं मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं; आच ३७० च्या आत ठेवली तर ती तरंगतात, झाऱ्याने काढा.

बॅटरीचं शिसं दोन्हींसाठी नकोच, विषारी वायू निघतो. साच्यात पाण्याचा थेंबही नको: वाफ होऊन तापलेलं शिसं उडतं. ओतकाम उघड्यावरच करा.