उद्यानाचे दार लवकर उघडून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत सातारा, कराड, सांगली या भागांतून पुष्कळ कुटुंबे खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला जातात. २०१३ साली सुरू झालेले हे उद्यान रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली–पाली रस्त्यावर आहे. त्यामुळे पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक यांचे दर्शनही त्याच फेरीत घडते. साताऱ्याहून हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने, लहान मुलांना मध्यरात्री उठवून नेण्यापेक्षा आदल्या दिवशी लोणावळ्याला मुक्काम करावा आणि सकाळी उद्यान उघडण्यापूर्वी दाराशी हजर राहावे, असे बहुतेक जण ठरवतात. हा विचार रास्तच आहे, कारण दिवसभराचे तिकीट काढलेले असताना मोठ्या राइडसमोरची रांग खऱ्या अर्थाने लहान असते ती पहिल्या तास-दीड तासातच. या पहिल्या तासाची ओढ प्रत्येक पालकाला असते, आणि तिच्यावरच डोळा ठेवून लोणावळ्यात आमची फसवणूक करण्यात आली. येत्या सुट्टीत तिकडे जाणाऱ्या कुटुंबांना तो प्रकार बारकाव्यांसह कळावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आम्ही सहा जण होतो: माझे यजमान, मी, आमची मुलगी, माझी नणंद आणि तिची दोन मुले. स्वतःचे वाहन नसल्याने आम्ही साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला आणि पुण्याहून लोकलने लोणावळ्याला गेलो. हॉटेलपासून उद्यानापर्यंतचा शेवटचा टप्पा म्हणजे घाट उतरून खोपोलीमार्गे सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर. त्यासाठी भाड्याची गाडी लागणार, हे घरूनच ठरलेले होते. हॉटेलात शिरल्यावर स्वागतकक्षाच्या अगदी शेजारी ‘ट्रॅव्हल डेस्क’ अशी पाटी लावलेले एक टेबल होते, तेथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तिशीतला एक गृहस्थ बसला होता, आणि खोलीच्या चाव्या देणाऱ्या मुलानेच ‘गाडीचे त्यांना विचारा’ म्हणून आम्हाला त्याच्याकडे पाठवले.

त्याने पहिला प्रश्न गाव कोणते, असा विचारला. सातारा म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, “ताई, मी मूळचा कोरेगावचा. आपल्या माणसांना मी वेगळा दर लावत नाही.” त्यानंतर त्याने सांगितले की उद्यान दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उघडणार असले, तरी त्याच्याकडे नोंद असलेल्या गाड्यांतून येणाऱ्या प्रवाशांना वेगळ्या दाराने साडेनऊलाच आत घेतले जाते, गर्दी येण्याआधी मुलांच्या चार-पाच मोठ्या राइड होऊन जातात, मात्र हा ‘अर्ली एंट्री पास’ गाडी आणि तिकिटे यांच्यासोबतच मिळतो, सुटा मिळत नाही. पासाचे माणशी ४५० रुपये, गाडीचे जाऊन-येऊन ३,२०० रुपये आणि तिकिटांचा दर उद्यानाच्या संकेतस्थळावर दिसतो तेवढाच. यजमानांनी मोबाइलवर तिकिटांचा दर पडताळून पाहिला, तो तंतोतंत जुळला. फसवणुकीची बांधणी किती विचारपूर्वक केलेली असते, ते येथे दिसते: जी गोष्ट कोणीही दोन मिनिटांत तपासू शकतो ती खरी सांगायची, आणि जी तपासायला प्रत्यक्ष दारापर्यंतच जावे लागते तिथे खोटे बोलायचे.

वेळेचा पास ही कल्पना आम्हा सातारकरांना चमत्कारिक वाटण्याचे कारण नव्हते. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. तेथे फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करावी लागते, ठरावीक संख्येला ठरावीक वेळेतच प्रवेश मिळतो, गाडी लांबच्या वाहनतळावर ठेवावी लागते आणि पुढे तेथील बसने जावे लागते. ही पद्धत आमच्या दाराशीच असल्यामुळे, वेळ वाटून देणारी व्यवस्था एखाद्या मोठ्या उद्यानातही असू शकते, हे आम्हाला स्वाभाविक वाटले. शिवाय त्या उद्यानात जास्तीचे पैसे भरून मिळणारा एक्स्प्रेस पास खरोखरच असतो. त्याने राइडची रांग टाळता येते. त्या गृहस्थाने या खऱ्या पासाचे नाव बोलण्यात इतक्या सफाईने मिसळले की दोन्ही एकाच प्रकारच्या सोयी आहेत असा समज व्हावा. प्रत्यक्षात एक्स्प्रेस पास दार उघडल्यानंतर कामाला येतो, दार आधी उघडण्याशी त्याचा काहीही संबंध नसतो, हा फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

पैसे त्याने टेबलावरच्या क्यूआर कोडवर भरायला सांगितले. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर आलेले नाव हॉटेलचे नव्हते, पाटीवरच्या व्यवसायाचेही नव्हते, तर एका व्यक्तीचे होते. यजमानांनी विचारले तेव्हा ‘मालकांचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले. रात्री व्हॉट्सअॅपवर सहा पावत्यांची चित्रे आली. प्रत्येकीवर उद्यानाचे बोधचिन्ह, एक क्यूआर कोड आणि ‘हजर राहण्याची वेळ सकाळी ९.१५’ अशी ओळ होती.

सकाळी साडेसातला यायची गाडी आठनंतर आली. सांगितलेली मोठी गाडी नव्हतीच. तिच्या जागी पांढऱ्या क्रमांकपट्टीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी होती, आणि सहा जण तिच्यात दाटीवाटीने बसले. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाला परवाना लागतो आणि त्याची पट्टी पिवळी, अक्षरे काळी असतात. खासगी गाडीतून पैसे घेऊन प्रवासी नेणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो. बोरघाटासारख्या रस्त्यावर मुलांना घेऊन उतरताना ही क्षुल्लक बाब नव्हे. चालकाने प्रथम चिक्कीच्या एका दुकानापाशी गाडी थांबवली आणि तेथून निघायला वीस मिनिटे लावली. पुढे खोपोलीत रस्त्याकडेच्या एका दुकानात ‘पास कन्फर्म करावे लागतात’ म्हणून आम्हाला उतरवले. तेथील माणसाने सुट्टीचा अधिभार म्हणून माणशी ३०० रुपये आणखी मागितले. यजमानांनी ठामपणे नकार दिला, बराच वेळ बोलाचाली झाली, दोन-तीन फोन झाले आणि अखेर ‘साहेबांनी तुमच्यासाठी माफ केले’ असे सांगून त्याने आम्हाला सोडले. मला आता पूर्ण खात्री वाटते की तो अधिभार वसूल करण्यासाठी नव्हताच. त्या भांडणात वेळ गेला आणि ते जिंकल्याच्या समाधानात मूळ व्यवहाराविषयी आणखी काही विचारण्याचे राहून गेले. त्याला या दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

उद्यानाजवळ पोहोचलो तेव्हा दार उघडून गेले होते आणि रांगा लागल्या होत्या. भाड्याच्या गाड्यांना पुढे सोडत नाहीत असे सांगून चालकाने आम्हाला अलीकडेच उतरवले आणि तो निघून गेला. त्याने सांगितलेले वेगळे दार तेथे नव्हते. आम्ही सर्वसाधारण रांगेतून पुढे गेलो, तेव्हा माझ्या भाच्याचा कोड यंत्राने स्वीकारला, तो आत गेला, आणि त्याच्या मागच्या आम्हा पाचही जणांचे कोड नाकारले गेले. दारावरच्या कर्मचाऱ्यांनी शांतपणे सर्व पावत्या पाहिल्या आणि प्रकार उलगडून सांगितला: सहा पावत्यांवर प्रत्यक्षात दोनच निरनिराळे कोड होते, तेच पुन्हा पुन्हा डकवलेले होते, त्यांपैकी एक त्या दिवशी सकाळीच दुसऱ्या कोणी वापरून टाकला होता. एका कोडवर एकच माणूस आत जाऊ शकतो, आणि ‘अर्ली एंट्री’ नावाचा कोणताही पास त्यांच्या यादीत नव्हता.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. क्यूआर कोडचे चित्र कितीही वेळा पाठवता येते, पण यंत्र तो एकदाच मान्य करते. दोन खरी तिकिटे विकत घेऊन तीच दोन-तीन कुटुंबांना विकणाऱ्या माणसाला आपले गिऱ्हाईक वेळेवर पोहोचवण्यात काही रस नसतो. उलट जितका उशीर होईल तितके त्याचे फावते. कारण दाराशी लोक पोहोचतात तेव्हा चालक निघून गेलेला असतो, मुले आत जाण्यासाठी व्याकुळ झालेली असतात आणि तक्रार करत बसण्यापेक्षा नवी तिकिटे काढून आत जाणे पालकांना भाग पडते. आम्हीही खिडकीवर पूर्ण दराने पाच तिकिटे काढली. संध्याकाळी परतीसाठी फोन केला तेव्हा त्या माणसाचा आणि चालकाचा, दोघांचेही क्रमांक बंद होते. अंधारात दुसरी गाडी मिळेपर्यंत आम्हाला ताटकळावे लागले. रात्री हॉटेलच्या व्यवस्थापकाने सांगितले की ते टेबल त्यांचे नाही, जागा भाड्याने दिलेली आहे, आणि त्या व्यवहाराशी हॉटेलचा संबंध नाही. स्वतःच्या स्वागतकक्षाला खेटून ती पाटी लावू द्यायची, स्वतःच्या माणसाकडून पाहुण्यांना तिकडे धाडायचे आणि नंतर हात झटकायचे, हे मला त्या पैशांच्या नुकसानीपेक्षा अधिक लागले.

एक साधी कसोटी मी आता सर्वांना सांगते. हॉटेलात अशा टेबलावर कोणी गाडी किंवा तिकिटे देऊ लागला, तर ती रक्कम खोलीच्या बिलात लावा, असे स्वागतकक्षाला सांगावे. टेबल खरोखर हॉटेलचे असेल तर ते तयार होतील. नसेल तर त्याच क्षणी नकार मिळेल आणि पुढचा प्रश्न उरणार नाही. तिकिटे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या नावाने घ्यावीत. त्याच ठिकाणी त्या तारखेची उघडण्याची वेळही पाहावी, कारण ती हंगामानुसार बदलू शकते. गाडी आणि तिकिटे एकाच माणसाकडून कधीही घेऊ नयेत. गाडीचा क्रमांक आदल्या रात्रीच मागून घ्यावा आणि वाहन भाड्याचे आहे की खासगी, हे एमपरिवहन अॅपवर पाहावे. क्रमांक देण्याचे कोणी टाळले तर दुसरी गाडी बघावी. भाड्याचा मोठा भाग परतल्यावरच द्यावा. शनिवार-रविवारी आणि लागून आलेल्या सुट्ट्यांत घाटात वाहतूक तुंबते, म्हणून वेळेआधी पोहोचायचे असेल तर लोणावळ्याऐवजी घाटाखाली खोपोलीच्या बाजूला मुक्काम करणे मला अधिक सोयीचे वाटते. तेथून घाटच लागत नाही.

तक्रारीबाबत थोडे विस्ताराने लिहिते, कारण घटना लोणावळ्यातली आणि आपण साताऱ्याचे, आता तेथे कोण खेटे घालणार, असे म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात, आणि असे लोक गप्प बसणार हे फसवणारा गृहीत धरून चालतो. पैसे यूपीआयने गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर नोंद होते तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवून ठेवण्याची शक्यता अधिक असते. आम्ही उद्यानाच्या दाराशी उभे असतानाच फोन केला. व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक विचारला जातो, तो यूपीआय अॅपमधील व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. पोलिसांत जाण्यासाठी लोणावळ्यालाच जावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती आपल्या जवळच्या ठाण्यात देता येते आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. साताऱ्यात आमची तक्रार प्रथम ऐकून घेणाऱ्या हवालदारांनी ‘तिकडे जा’ असेच सांगितले. यजमानांनी शांतपणे कलमाचा उल्लेख केल्यावर अधिकाऱ्यांनी लेखी तक्रार घेतली आणि पोच दिली. याशिवाय सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे; हॉटेलविरुद्धचे म्हणणे आम्ही तेथे नोंदवले.

आमच्या रकमेपैकी काही भाग त्या खात्यात अडवून ठेवण्यात आला आहे आणि तो परत मिळवण्याची प्रक्रिया सुरू आहे. बाकीचे पैसे त्याच सकाळी पुढे वळवले गेले होते. तपासात सर्वांत उपयोगी पडल्या त्या व्हॉट्सअॅपवरच्या मूळ पावत्या, टेबलाचे आणि क्यूआर कोडचे नणंदेने मुलांसोबत सहज काढलेल्या छायाचित्रात आलेले दृश्य आणि गाडीचा क्रमांक. ज्यांच्याकडे अशीच ‘हजर राहण्याची वेळ’ छापलेली पावती असेल त्यांनी ती पुसून टाकू नये आणि रक्कम लहान असली तरी स्वतःची स्वतंत्र तक्रार अवश्य नोंदवावी. एकाच खात्याविरुद्ध निरनिराळ्या गावांहून तक्रारी आल्या की त्या एकत्र जोडून पाहता येतात, असे आम्हाला साताऱ्याच्या ठाण्यात सांगण्यात आले.