नोकरी शोधताना झालेली फसवणूक – सविस्तर लिहिते आहे

नोकरी कशी गेली त्यावर फार लिहीत नाही. आमचा विभाग बंद झाला, हिशेब मिळाला, लॅपटॉप जमा केला, संपलं. त्यानंतरचे महिने मात्र सांगायला हवेत, कारण फसायला लागणारी मनाची सगळी मशागत त्या महिन्यांत झाली, आणि ती ठगांनी नाही, चांगल्या नावाजलेल्या कंपन्यांनी केली.

अर्ज पाठवायचा. ‘आपला अर्ज मिळाला’ असं आपोआप येणारं ईमेल यायचं, की पुढे शुकशुकाट. मुलाखतीच्या फेऱ्या घेऊन, ‘लवकरच कळवतो’ म्हणून, नंतर फोनही न उचलणारे एचआर मी पुष्कळ पाहिले. नकार कळवायला दोन ओळी लागतात, पण त्या कुणी लिहीत नाही. अशा दिवसांत माणसाला पैशाचा लोभ नसतो, त्याला कुणीतरी उत्तर द्यावं एवढंच वाटत असतं. म्हणूनच मला ज्यांनी फसवलं त्यांनी मोठ्या पगाराचं आमिष दाखवलंच नाही. पगार आधीच्यापेक्षा थोडा कमीच सांगितला. त्यांनी फक्त वेळेवर उत्तरं दिली.

माझा रेझ्युमे जॉब पोर्टलवर होता, त्यावर ‘ताबडतोब रुजू होऊ शकते’ असं लिहिलेलं. बऱ्याच पोर्टलवर पैसे भरले की रेझ्युमे चाळता येतात. त्यामुळे फोन करणाऱ्याला माझं पद, जुनी कंपनी, काम कधी सुटलं, सगळं ठाऊक होतं. त्याने ज्या कंपनीचं नाव घेतलं ती खरी होती, जुनी होती. (तिचा यात काही दोष नाही, म्हणून नाव देत नाही.) मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. समोरच्याचा कॅमेरा बंद, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे’. पण प्रश्न कामाचे होते, माझ्या क्षेत्रातलेच. नोकरी गेल्याचा विषय निघाल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, त्यात तुमचा काय दोष?’ तोवर एकाही खऱ्या मुलाखतीत मला हे कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफर लेटर. लोगो, पत्ता, पगाराचा तक्ता, सही, सगळं नीट. ईमेल जीमेलवरून नव्हतं, कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ जोडलेल्या डोमेनवरून (ईमेलमधल्या @ नंतरच्या पत्त्यावरून) होतं. ‘जीमेलवरून आलं तर संशय घ्या’ हा सल्ला त्यामुळे आता अपुरा पडतो. असं डोमेन कुणीही घरबसल्या विकत घेऊ शकतं. त्याची नोंदणी कधी झाली हे मात्र डोमेन लुकअपच्या साइटवर फुकट दिसतं. डॉट-कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनची ही माहिती शोधायची जुनी ‘हू-इज’ पद्धत जानेवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मागे पडली आणि तिच्या जागी ‘आरडीएपी’ ही नवी पद्धत आली. पण मालकाचं नाव लपलेलं असलं तरी नोंदणीची तारीख सहसा मिळते. कंपनी कित्येक वर्षांची, आणि हे डोमेन काही आठवड्यांचं होतं.

पैसे मागितले ते ऑफर स्वीकारल्यानंतर. हा क्रम लक्षात घ्या. नोकरीआधी पैसे मागितले तर आपण सावध होतो. इथे नोकरी ‘मिळालेली’ असते, घरी सांगून झालेलं असतं. आधी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं शुल्क, किरकोळ, पहिल्या पगारात परत मिळणार. मग लॅपटॉपची अनामत, बरीच मोठी. मग विमा. दर वेळी ‘आज संध्याकाळपर्यंत नाही झालं तर जॉइनिंग पुढच्या बॅचला जाईल’. खातं कंपनीचं नव्हतं, कुणा व्यक्तीचं, ‘आमच्या व्हेंडरचं’. अशी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात आणि पैसे काही तासांत पुढे सरकवले जातात.

विम्याच्या वेळी मी म्हटलं, ऑफिसच्या लँडलाइनवरून फोन करा. सूर लगेच बदलला. ‘तुम्हाला नोकरी नको आहे का? यादीत बाकीचे थांबलेत.’ मग नंबर बंद. कंपनीच्या मूळ वेबसाइटवरच्या नंबरवर मी फोन केला, तेव्हा रिसेप्शनवरच्या बाईंना आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. असे फोन त्यांना आधीही आले होते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा खासगी रोजगार संस्थांबद्दलचा १९९७ सालचा करार आहे, क्रमांक १८१. त्याचं सातवं कलम सांगतं की नोकरी लावून देणाऱ्या संस्थेने कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पूर्ण किंवा थोडंही शुल्क घेऊ नये. काही अपवादांची मुभा त्यात आहे, आणि सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. पण व्हेरिफिकेशन, लॅपटॉप, प्रशिक्षण हे सगळं त्या ‘अप्रत्यक्ष’ शब्दात बसतं.

पैशांइतकीच काळजी कागदपत्रांची. ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फोटो, सही, एवढ्यावर कुणीतरी माझ्या नावाने कर्ज काढू शकतं. मी बँकेला त्याच दिवशी कळवलं, पासवर्ड बदलले, आणि आता क्रेडिट रिपोर्ट (माझ्या नावावरच्या कर्जांची नोंद) अधूनमधून तपासते. लगेच कळवल्यामुळे अनामतीचा काही भाग समोरच्या बँकेत अडकवता आला. आधीचं शुल्क गेलंच. चॅट रागाने पुसून टाकू नका. व्यवहाराचे क्रमांक, ईमेल, कॉलच्या वेळा हे सगळं तक्रारीत लागतं.

‘शिकलेली असून कशी फसलीस?’ हे ऐकून घ्यावं लागलं. विचारणाऱ्यांपैकी एकालाही कधी बेकारीत महिने काढावे लागलेले नाहीत.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला ठगांनी वेगळ्या वाटेने गाठलं: ऑनलाइन रेटिंग द्या, रोज कमवा. सुरुवातीला खरोखर थोडे पैसे दिले, मग ‘मोठा टास्क’ उघडायला त्याच्याकडूनच भरून घेतले. स्क्रीनवर कमाईचा आकडा वाढत होता, काढता मात्र येत नव्हता.

आणि शेवटचं, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. तक्रारीनंतर काही आठवड्यांनी एका ‘सायबर तज्ज्ञा’चा फोन आला. माझी किती रक्कम गेली ते त्याला तंतोतंत माहीत होतं. पैसे सापडलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा, म्हणाला. ती रक्कम मी, बँक आणि पोलीस सोडून फक्त ठगांनाच माहीत होती. तेच लोक फिरून आले असतील किंवा त्यांनी माझं नाव पुढे विकलं असेल. बुडालेले पैसे परत द्यायला बँक किंवा पोलीस आगाऊ फी मागत नाहीत. तो नंबरही मी तक्रारीत जोडून दिला.