गच्चीवरील तीन किलोवॉट: पॅनेल उत्तम, उभारणीवर मात्र स्वतः नजर ठेवावी

साताऱ्यातील आमच्या बंगल्याच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवल्याला आता दोन पावसाळे होऊन गेले आहेत. एका स्थानिक कंत्राटदाराकडून ५४० वॉटची सहा पॅनेल आणि ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर असा संच आम्ही घेतला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते थेट आमच्या बँक खात्यात जमा झाले. त्यासाठी पॅनेल आणि आतील सेल हे दोन्ही भारतीय बनावटीचे असावे लागतात, म्हणून तसा उल्लेख दरपत्रकातच लिहून घ्यावा. अर्ज, महावितरणची पाहणी, नेट मीटर (आपण घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) बसवणे ही कामे कंत्राटदाराच्या माणसांनी आम्हाला एकही खेप घालायला न लावता पार पाडली.

माझे खरे सांगणे आहे ते पॅनेलखालच्या सांगाड्याविषयी. दरपत्रकांची तुलना करताना आपण पॅनेल कोणत्या कंपनीचे आणि वॉटमागे किती रुपये, एवढेच पाहतो. पण ही पॅनेल ज्या पायांवर पंचवीस वर्षे ऊन, वारा आणि साताऱ्याचा पाऊस सोसणार, ते पाय गच्चीवर कसे रोवले जाणार आहेत, हे विचारायचे राहून जाते. आमच्या गच्चीवर वीटतुकड्यांचा जुना, चांगला टिकलेला कोबा, म्हणजे पाणी स्लॅबमध्ये मुरू न देणारा थर, आहे. कामाच्या पहिल्या सकाळी मी वर पोहोचेपर्यंत कंत्राटदाराच्या कामगारांनी त्या कोब्यातून थेट स्लॅबमध्ये ड्रिल मारून दोन पायांचे बोल्ट आवळलेसुद्धा होते. मी काम थांबवले. उरलेल्या पायांसाठी कोबा न छेदता त्यावर काँक्रीटचे ठोकळे ओतून घेतले. या ठोकळ्यांचे वजन अंदाजाने ठरवून चालत नाही, कारण तिरप्या पॅनेलखाली वारा शिरला की तो अख्खा सांगाडा वर उचलू पाहतो; शिवाय तेवढा भार स्लॅबला पेलतो की नाही, हेही अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते.

आधीचे दोन पाय मात्र तसेच राहिले, आणि पहिल्याच जुलैत खालच्या खोलीच्या छतावर जेवणाच्या ताटाएवढी ओल उमटली. तक्रार केल्यावर माणसे आली ती ऑगस्टमधील उघडिपीत. त्यांनी बोल्ट काढले, भोके बुजवली, तेथेही ठोकळे ओतले आणि त्यांच्या कडेने वाटा, म्हणजे सांध्यात पाणी मुरू नये म्हणून सिमेंटची गोलाई, काढून दिला. हेच आधी केले असते तर महिनाभर छताखाली बादली ठेवावी लागली नसती.

जागा ठरवतानाही आम्हाला हस्तक्षेप करावा लागला. पहिल्या आराखड्यात पॅनेल पाण्याच्या टाकीला खेटून होती. टाकी नैर्ऋत्य कोपऱ्यात असल्यामुळे हिवाळ्यात दुपारनंतर तिची लांब सावली नेमकी त्यांच्यावर आली असती, आणि एका मालिकेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर जरी सावली पडली तरी वीज घटते. आम्ही मांडणी पूर्वेकडे सरकवली, तोंड दक्षिणेला आणि कल सुमारे १५ अंश ठेवला. खालून चालता येईल असा उंच सांगाडा घेण्याचा आग्रह होता, परंतु उंचीबरोबर वाऱ्याचा जोर आणि खर्च दोन्ही वाढतात. कुरडया-पापडांच्या वाळवणाला उरलेली अर्धी गच्ची आम्हाला पुरते.

वीजनिर्मितीबाबत मी पूर्ण समाधानी आहे. एप्रिलमध्ये दिवसाला १४ युनिटपर्यंत वीज मिळते, जुलैच्या काळवंडलेल्या दिवशी ती ५ युनिटवर येते. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, ही समजूत बरोबर नाही. २५ अंशांपुढे पॅनेल जसजसे तापते, तशी दर अंशाला त्याची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणून सांगाड्याखाली हवा खेळती हवी. उन्हाळ्याच्या महिन्यांत आमच्या बिलात मुख्यतः स्थिर आकारच उरतो. लाइट गेल्यावर मात्र, बॅटरी नसल्यामुळे, भर दुपारीही घरात वीज नसते. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी इन्व्हर्टरने अशा वेळी बंद पडणे आवश्यकच आहे, पण कंत्राटदाराने हे आधी सांगायला हवे होते.

या कंत्राटदाराचे नाव मी ओळखीच्या दोघांना सुचवले आहे, मात्र पाय कसे रोवणार आणि गळती झाल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे करारात लिहून घ्या, असे बजावूनच. दुसऱ्या पावसाळ्यात आमचे छत कोरडे राहिले. ओलीचा डाग अजून तसाच आहे, आणि रंगाचा खर्च देण्याचे कंत्राटदाराने मान्य केले असले तरी ती रक्कम अद्याप मिळालेली नाही.